लॅपटॉप जुना झाला, पण निकामी झाला का?

धानाची कापणी-मळणी आटोपत आली असेल, थोडी उसंत मिळाली असेल. म्हणून आज जरा वेगळा विषय घेऊन आलो आहोत. विषय संगणकाचा आहे. पण "हे आमच्या कामाचं नाही" म्हणून रेडिओ बंद करू नका, कारण हा विषय शेवटी आपल्या गटाच्या पैशांचाच आहे.

आमच्या प्रभागसंघाच्या कार्यालयात एक लॅपटॉप आहे, २०१७ साली घेतलेला. गटांचे हिशोब, बैठकीचे ठराव, कर्जाचे अर्ज, मोहफुलाच्या लाडूंची लेबलं, सगळं त्याच्यात. या दिवाळीनंतर तो सुरू केला की पडद्यावर एक सूचना येऊ लागली. तिचा मतलब असा की विंडोज १० ला आता कंपनीचा आधार मिळणार नाही. लेखापाल ताई घाबरल्या. आम्ही लॅपटॉप पिशवीत घातला आणि तालुक्याच्या दुकानात नेला. दुकानदार भाऊ म्हणाले, "ताई, याचं आयुष्य संपलं. यात नवीन विंडोज बसतच नाही. ३८ हजारांत चांगला नवीन देतो."

महिन्याच्या बैठकीत विषय ठेवला. ३८ हजार म्हणजे दोन ताईंना शेळ्यांसाठी कर्ज देता येईल एवढी रक्कम. सगळ्या गप्प बसल्या. मग मागून एक आजी बोलल्या, "माझी शिलाई मशीन तीस वर्षांची आहे. अजून टाके घालते. तुमचा डबा काल चालत होता, आज कसा मेला? मेला, का कोणी मेला म्हटलं?"

आजींच्या या प्रश्नाचं उत्तर आम्हाला देता आलं नाही. ते शोधायला दीड महिना लागला. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

यंत्र वेगळं, कारभारी वेगळा

लॅपटॉप म्हणजे दोन गोष्टी. एक यंत्र, म्हणजे पडदा, बटणं, आतली डिस्क, बॅटरी. दुसरी गोष्ट दिसत नाही. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मोठ्या वाड्यातला कारभारी असतो ना, तसं तिचं काम. कोणत्या खोलीत काय ठेवायचं, कोणाला आत घ्यायचं, छपाईच्या यंत्राला केव्हा हाक मारायची, हे सगळं ती पाहते. आपण टाइप करतो, पण अक्षर पडद्यावर आणून ठेवते ती.

बहुतेक लॅपटॉपमध्ये हा कारभारी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा असतो. त्याचं नाव विंडोज. विंडोज १० आली जुलै २०१५ मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिचा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे लॅपटॉप बंद पडला नाही. तो सुरू होतो, टाइप करतो, छापतो. थांबली ती डागडुजी.

ही डागडुजी काय असते? बांधीच्या धुऱ्याला खेकडा बीळ पाडतो. दिसत नाही, पण रात्रीतून पाणी झिरपून जातं. म्हणून आपण पावसाळ्यात रोज धुऱ्यावरून फिरतो आणि बिळं बुजवतो. संगणकातही अशी बिळं सापडत राहतात. चोर तिथून आत शिरतात. कंपनी वेळोवेळी ती बुजवते. "अपडेट करा" असं जे मोबाइलवर येतं आणि आपण "नंतर" म्हणून सरकवून देतो, ते हेच काम.

ते न केल्याने काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा विषाणू जगभर पसरला. त्याने एका मोठ्या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले आणि त्याचा फटका मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलला बसला. माल अडकला, ट्रक रांगेत उभे राहिले. विंडोजमधल्या ज्या बिळाचा फायदा या विषाणूने घेतला, ते बुजवणारा अपडेट कंपनीने तीन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, त्यांच्याकडे शिरायला वाट मोकळी होती.

म्हणून दुकानदार भाऊ अगदीच खोटं बोलत नव्हते. आधार संपलेल्या विंडोजवर बँकेचं काम करणं धोक्याचं आहे. नवीन विंडोज ११ आमच्या लॅपटॉपवर बसत नाही, हेही खरं. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि साधारण २०१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. पण नवीन लॅपटॉपखेरीज आणखी दोन वाटा होत्या, आणि त्या आम्हाला कोणी सांगितल्या नाहीत. पहिली वाट म्हणजे मायक्रोसॉफ्टनेच घरगुती वापराच्या विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे. त्यासाठी कंपनीच्या खात्याने नोंदणी करावी लागते. दुसरी वाट म्हणजे यंत्र तेच ठेवायचं आणि कारभारी बदलायचा.

मामा तलावासारखं सॉफ्टवेअर

कारभारी बदलायचा तर दुसरा आणायचा कुठून? इथे लिनक्स हे नाव येतं.

विंडोज कशी बनवली, ती कृती कंपनी उघड करत नाही. आपण वापरायचा परवाना घेतो, पण आत काय आहे ते पाहता येत नाही, बदलता येत नाही, शेजारणीला देताही येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरची कृती सगळ्यांसाठी खुली असते. कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. याला ओपन सोर्स किंवा मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या बायांना हे समजायला जड नाही. आपल्याकडे मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणकारीतून हे तलाव बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण तलाव राहिले आणि त्यांच्या पाण्यावर गावांचा निस्तार हक्क चालत आला. मुक्त सॉफ्टवेअर अशा तलावासारखं आहे. बांधणारे वेगळे, वापरणारे अनेक, आणि कोणा एकाने उठून "आजपासून पाणी बंद" म्हणायचं नाही.

याची सुरुवात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये केली. त्यांनी एक नियम आणला, की हे सॉफ्टवेअर घ्या आणि सुधारा, पण सुधारून दुसऱ्याला दिलंत तर सुधारलेली कृतीही सोबत द्या. १९९१ मध्ये फिनलंड देशातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम करत असल्याचं जाहीर केलं. छंद म्हणून सुरू केलेलं काम होतं ते. हळूहळू जगभरच्या हजारो लोकांनी त्याला हात लावला. त्याचंच नाव लिनक्स.

मोठ्या कंपन्यांना हे आवडलं नाही. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१४ मध्ये त्याच कंपनीचे नवे प्रमुख सत्य नडेला म्हणाले, आमचं लिनक्सवर प्रेम आहे. मधल्या काळात जग बदललं होतं. इंटरनेटमागचे बहुतेक मोठे संगणक लिनक्सवर चालू लागले होते. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून सगळेच लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी त्याच यादीत बसला, तोही लिनक्सवरच. केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर शिकतात. तेव्हा फुकटचं ते हलकं, असं समजू नका.

तुमच्या हातातला फोनही यातलाच

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे लॅपटॉप नाही, मोबाइल आहे. ताईंनो, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. गुगलने अँड्रॉइड हे लिनक्सच्या पायावर उभं केलं आणि पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. अँड्रॉइडची मूळ कृती खुली आहे, पण त्यावरचं प्ले स्टोअर आणि गुगलची ॲप खुली नाहीत. म्हणजे तलाव गावाचा, पण पाळीवरची दुकानं एकाच मालकाची.

यावरून आपल्या देशात मोठा खटला झाला. फोन बनवणाऱ्यांना गुगल आपली सगळी ॲप एकत्रच टाकायला लावते, अशा कारणांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात काही आदेश रद्द झाले, पण मार्च २०२३ मध्ये दंड कायम राहिला. नवीन फोनमध्ये कोणतं शोध-इंजिन हवं ते निवडण्याची सोय भारतात आली ती याच खटल्यामुळे. दिल्लीतल्या भांडणाचा निकाल आपल्या हातातल्या पडद्यावर असा दिसतो.

जिओफोन आठवतो का? २०१७ मध्ये दीड हजार अनामत भरून आपल्यापैकी कितीतरी जणींनी घेतला होता. त्यात कायओएस नावाची सिस्टीम होती. फायरफॉक्सवाल्या मोझिला संस्थेने फोनसाठी केलेलं मुक्त सॉफ्टवेअर पुढे दुसऱ्यांनी उचललं आणि त्यातून ती झाली. मोझिलाने आपलं काम थांबवलं तरी कृती खुली होती, म्हणून ते वाया गेलं नाही. पण पुढे त्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद झालं, कारण व्हॉट्सॲप खुलं नाही. ते कुठे चालू ठेवायचं हे त्याची कंपनी ठरवते.

आम्ही काय केलं

आता आमच्या लॅपटॉपकडे येतो. आमच्या एका ताईंचा मुलगा कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "मावशी, आधी काही पुसायचं नाही. पेनड्राइव्हवरून चालवून पाहू." लिनक्स मिंट नावाची सिस्टीम त्याने पेनड्राइव्हवर आणली. ती लॅपटॉपमध्ये न बसवताही चालवून बघता येते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. पडदा, बटणं, वायफाय, छपाई, एकेक तपासलं. छपाईचं यंत्र पहिल्या दिवशी रुसलं, दुसऱ्या दिवशी चाललं.

मग सगळ्या फाइली एका वेगळ्या डिस्कवर उतरवल्या. दोन जणींनी समोर बसून त्या उघडून तपासल्या. नंतरच लिनक्स बसवलं. जुनी डिस्क फार हळू होती, ती बदलली. सगळा खर्च १,९०० रुपये आला. लॅपटॉप पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतो.

हिशोबाच्या तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस वापरतो. तेही मुक्त आहे, त्याचे मेनू मराठीत करून घेता येतात. आमच्या जुन्या एक्सेलच्या फाइली त्यात उघडल्या, दोन-तीन ठिकाणी रकाने सरकले तेवढे नीट केले.

पण सगळं गोड झालं नाही. दोन अडचणी आल्या.

पहिली जुन्या ठरावांची. फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! सगळ्यांच्या पोटात गोळा आला. मुलाने समजावलं, की पूर्वी मराठी टाइप करायचे जे फॉन्ट होते, त्यांत आतून इंग्रजी अक्षरच साठवलं जायचं आणि वरून मराठीचा मुखवटा असायचा. मुखवटा, म्हणजे तो फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथे "क" हा "क" म्हणूनच साठवला जातो आणि कुठेही "क" च दिसतो. फाइल रूपांतर करून घेतली. आठ वर्षांचे ठराव होते, तीन जणींना चार दिवस तपासत बसावं लागलं. आता आम्ही युनिकोडमध्येच टाइप करतो. त्यासाठी फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्त हा फॉन्ट, किंवा लोहित हा फॉन्ट, दोन्ही खुले आहेत.

दुसरी अडचण मोठी. आमच्या बँक सखी ताईंचं अंगठा घेणारं यंत्र लिनक्सवर चाललं नाही. ते यंत्र बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी सोयच दिलेली नव्हती. म्हणून ते काम ताई त्यांच्या अँड्रॉइड फोनवर करतात. ते जमलं नसतं तर आम्हाला विंडोज ठेवावीच लागली असती, आणि त्यात कमीपणा काही नव्हता.

फुकट म्हणजे बिनकामाचं नव्हे

तलावाची उपमा दिली तर गाळाचंही सांगितलं पाहिजे. पाणी सगळ्यांचं, पण गाळ काढायला कोणी नाही, अशाने आपले किती तलाव उथळ झाले ते आपण पाहतोच. मुक्त सॉफ्टवेअरचंही तेच दुखणं आहे.

मार्च २०२४ ची गोष्ट. एक्सझेड नावाचं एक लहानसं मुक्त सॉफ्टवेअर आहे. जगभरच्या असंख्य लिनक्स संगणकांत ते असतं. ते सांभाळत होता मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी आणि थकलेला. कोणी एक जण मदतीच्या नावाने आला, दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग गुपचूप चोरदरवाजा बसवला. तो पकडला कोणी? मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअरने. त्याच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्ध्या सेकंदाची त्याला शंका आली, कृती खुली होती म्हणून त्याला आत पाहता आलं, आणि मोठं संकट टळलं.

आपल्या गटात रजिस्टर बैठकीत सगळ्यांसमोर वाचतो, ते का? सगळ्या चोर आहेत म्हणून नाही. उघडं असलं की चूक सापडते म्हणून. पण रजिस्टर उघडं ठेवून कोणी वाचलंच नाही, तर त्याचा उपयोग नाही. आणि सगळा भार एकाच लेखापाल ताईवर टाकला, तर ती थकते आणि दार उघडं राहतं. म्हणून लिनक्सवरही अपडेट घ्यावेच लागतात, पासवर्ड सांभाळावाच लागतो, ओटीपी कोणाला सांगायचा नाही तो नाहीच.

खर्च करण्याआधी विचारायचे प्रश्न

तुमच्या ग्रामसंघाला किंवा घरच्या मुलांना कोणी "लॅपटॉप संपला, नवीन घ्या" म्हणालं, तर हे प्रश्न विचारा.

एक, यंत्र बिघडलं आहे का फक्त सिस्टीमचा आधार संपला आहे?

दोन, मुदतवाढ मिळते का, कधीपर्यंत, किती पैशांत?

तीन, आपण यावर नेमकी कोणती कामं करतो? त्यांतलं कोणतं काम फक्त विंडोजवर चालतं? हिशोबाचं विकतचं सॉफ्टवेअर, अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सही, यांची यादी आधी करा.

चार, पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं का?

पाच, फाइलींची दुसरी प्रत काढली का, आणि ती उघडून तपासली का?

सहा, नंतर अडलं तर गावात कोण मदत करेल? एकाच मुलावर अवलंबून राहू नका, तो उद्या पुण्याला जाईल. निदान दोन ताईंनी शिकून घ्या.

शिकायचं कुठे? मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे. लिनक्स, लिब्रे ऑफिस अशा मुक्त सॉफ्टवेअरचे दहा-दहा मिनिटांचे धडे त्यात आहेत, कितीतरी मराठी आवाजात, आणि फुकट. एकदा उतरवून घेतले की नेटवर्क नसतानाही पाहता येतात. देवरी-सालेकशाकडच्या ताईंना याचं मोल सांगायला नको. आमच्या लेखापाल ताई दुपारच्या जेवणानंतर एक धडा पाहतात. बटण दाबताना आधी त्यांचा हात थरथरायचा. परवा त्यांनी प्रभागातल्या चार जणींना तक्ता कसा करायचा ते शिकवलं.

सगळ्यांनी उद्याच लिनक्स घ्या, असं आमचं म्हणणं नाही. तुमचं काम विंडोजवर नीट चालत असेल आणि अपडेट मिळत असतील तर चालू द्या. म्हणणं एवढंच, की निर्णय माहितीवर घ्या. कंपनीने तारीख जाहीर केली म्हणून गटाच्या पेटीतून ३८ हजार काढायचे, हे आपल्या हिशोबात बसत नाही. आमचे उरलेले पैसे या महिन्यात दोन ताईंना कर्ज म्हणून दिले. एकीने शेळ्या घेतल्या, दुसरीने पिठाच्या गिरणीची मोटर दुरुस्त केली.

आणि त्या आजी? त्यांना आम्ही लॅपटॉप दाखवला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आपल्या गटाचं नाव मराठीत वाचलं आणि म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं का?"

तुमच्या गटातही असा एखादा लॅपटॉप कपाटात धूळ खात पडला असेल, तर येत्या बैठकीत तो विषय घ्या. अडलं तर आपल्या प्रभागाच्या समन्वयक ताईंना विचारा.